सतरावा नोड

उलानबातर. रात्रीचे पावणेतीन. बाहेर उणे चौतीस.
आत, बत्तीस सर्व्हरांच्या गरम पाठीमागे
डेल्गर्मा कोट काढून, बाह्या सारून बसलेली.
जानेवारीत घाम फुटावा अशी
शहरात ही एकच खोली असेल.

पडद्यावर पुढच्या दहा दिवसांचा हिवाळा चाललाय.
देशाचे चौकोन पाडलेत, प्रत्येकात
थोडा वारा, थोडी वाफ, थोडा बर्फ.
प्रत्येक नोड आपले चौकोन सोडवतो
आणि थांबतो,
शेजाऱ्याकडून कडेची उत्तरं येईपर्यंत.
इथं एकट्यानं पुढं पळता येत नाही.
एकतीस जण हाताची घडी घालून उभे,
कारण सतरावा अजून मोजतोय.

बंद पडला असता तर बरं होतं.
घंटा वाजली असती, तिनं त्याला बाजूला काढलं असतं,
थर्मासातला खारट चहा ओतला असता.
पण तो चालतोय.
विचारलं की म्हणतो, ठीक आहे.

ती लॉग उपसत बसते.
मेमरीत चूक झाली, सुधारली.
चूक झाली, सुधारली.
तासाला नऊ हजार वेळा,
कुणाला कळू न देता, आपलं आपण निस्तरत.
त्यातच दमलाय.

वडील शेवटच्या वर्षी असंच खोगीर चढवायचे.
पट्टा हातातून निसटायचा, पुन्हा धरायचे,
मदतीला कुणी पुढं झालं की नजरेनंच मागं सारायचे.
सगळा तळ लादून तयार, उंट उभे,
आणि कुणी काही बोलायचं नाही.

हिशेब सोपा आहे, म्हणूनच नकोसा.
या चालीनं अंदाज हाती येणार साडेनऊला.
रेडिओवर तो सातला वाचतात.
शेवटचा चेकपॉइंट दोन-दहाचा:
काम मारायचं, तिथून पुन्हा उचलायचं,
पस्तीस मिनिटं पाण्यात.
सतराव्याच्या जागी राखीव नोड,
आणि राखीव नोडवर चार दिवसांपासून
उपसंचालकांच्या भाच्याचा प्रबंध चाललाय.
वशिल्याला रांग नसते.

पश्चिमेला, बाद्रालच्या मेंढ्या चारशे.
बर्फ पडतो, जरासा वितळतो, पुन्हा गोठतो,
खाली गवत दिसत राहतं, काचेखाली ठेवल्यासारखं,
आणि जनावरं तोंड आपटून मरतात.
डोंगर ओलांडायचा की नाही
हे भाऊ सातच्या रेडिओवर ठरवणार.

ती भाच्याचं काम गोठवते. सकाळचं सकाळी.
चेकपॉइंटच्या फाइलची बेरीज जुळवून पाहते.
जुळली.
पुन्हा एकदा पाहते, कारण ती लिहिताना
सतरावाही हाताला होता.
मग त्याच्या नावापुढं लिहिते: नवं काम देऊ नये.
कारण विचारतं यंत्र. रकाना रिकामा चालत नाही.
ती लिहिते: थकला.

पंख्यांचा आवाज एकदम चढतो. बत्तीसही निघाले.

सहा-चाळीसला अंदाज गेला.
आठला फोन आला.
"ऐकलं गं. पण मी कालच निघालो.
म्हातारी घोडी दोन दिवस उत्तरेकडे तोंडच करेना."
"मग सांगायचंस तरी!"
"सांगून? तुझं यंत्र घोडीला विचारणार होतं?"
वारा फोनमध्ये घुसून हसतो.
मग म्हणाला, "खालच्या खोऱ्यातले लोक मात्र ऐकून निघाले.
त्यांच्याकडं घोडी नाही."
आणि ठेवता ठेवता:
"ते आजारी होतं, त्याचं काय केलंस?"

दुपारी तिनं सतरावा फळीवरून ओढला, झाकण उघडलं.
मेमरीच्या खाचेत काळी, मऊ, तेलकट धूळ.
बोट फिरवलं, नाकाशी नेलं.
कोळसा.
तिच्याच गल्लीतल्या चुलींचा,
कदाचित तिनंच काल संध्याकाळी पेटवलेल्या.

ब्रश घेऊन ती खाली बसली.
सावकाश. आता कुणी ताटकळत नव्हतं.